मदत हवी आहे: क्यूआर पाठवला की ग्राहक गायब!

गौरी_ठाणे: व्हॉट्सॲपवर कॅटलॉग टाकलाय. मराठी बायका लगेच पैसे पाठवतात. गुजराती, तमिळ, मल्याळी ग्राहक तासभर चौकशी करतात आणि क्यूआर पाठवला की गप्प. दिवाळी तोंडावर आहे, पटकन सांगा. कॅटलॉग हिंदीत करू की इंग्रजीत?

मुलुंडकर: विकताय काय ते तर लिहा!

गौरी_ठाणे: घरगुती मसाले, भाजणी. पण प्रश्न विश्वासाचा आहे, मालाचा नाही.

चिकित्सक: खायच्या वस्तूत मालाचाच असतो. एफएसएसएआयचा (अन्नपरवान्याचा) १४ आकडी नंबर, शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे का? जैन ग्राहक कांदा-लसणाचं विचारणारच.

गौरी_ठाणे: आहे की सगळं, पाकिटामागे. फोटो पुढच्या बाजूचा टाकलाय. कांदा-लसूण मसालाही बाकीच्या मसाल्यांच्याच डंकावर (कुटायच्या गिरणीवर) कुटून आणतो.

चिकित्सक: मग मागचा फोटो टाका आणि डंकाचं जसं आहे तसं लिहा. भाषेचं नंतर बघू.

बिनधास्त_बंड्या: एवढं कशाला? कॅश ऑन डिलिव्हरी ठेवा.

पार्सलवाला: अजिबात नको! दारात 'नको' म्हणतात आणि जाण्यायेण्याचं कुरियर आपल्या डोक्यावर.

नाना६२: आम्ही पोस्टाने व्ही.पी.ने पुस्तकं मागवायचो. पोस्टमनला पैसे दिले की पार्सल हातात. कसलं ॲप नि कसलं काय.

पार्सलवाला: नाना, व्ही.पी.सुद्धा परत यायची हो.

बंगळूरची_मावशी: मी ग्राहक म्हणून विचारते. स्कॅन केल्यावर नाव कोणाचं दिसतं?

गौरी_ठाणे: मिस्टरांचं. खातं त्यांचं आहे. का?

बंगळूरची_मावशी: घ्या! २०२५ पासून ॲपवर बँकेतलंच नाव दिसतं. दुकान एका नावाचं, पैसे भलत्याच पुरुषाला. ओळखीच्या बायकांना तुमचे मिस्टर माहीत असतील, मला कुठून? मी मराठी असूनही नसते दिले.

बिनधास्त_बंड्या: म्हणजे गुजराती-तमिळचा काही संबंधच नाही! उगाच.

चिकित्सक: उगाच नाही. जैनांचा प्रश्न खराच आहे. पण क्यूआर आधी बदला, दुकानाच्या नावाने करंट खातं काढा.

सीए_होतकरू: राज्याबाहेर पाठवता का? मसाल्याला कर आहे, त्यामुळे जीएसटी नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते. वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या विक्रीला नोंदणीची सवलत असते, ती तिथे चालत नाही.

गौरी_ठाणे: बाई गं! हे मी विचारलंच नव्हतं. सुरतला दोन पार्सलं गेलीत.

सिंगापूरकर: आमच्याकडे चिनी, मलय, तमिळ सगळे राहतात. ग्राहक संघटनेची 'केसट्रस्ट' खूण असली की लोक निर्धास्त.

मुलुंडकर: तिचा डंक ठाण्यात आहे हो.

गौरी_ठाणे: करंट खात्याला काय लागेल?

चिकित्सक: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. सरकारी संकेतस्थळावर आधारवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. बाकी कागद बँकेत विचारा.

नाना६२: गोड्या मसाल्यात दगडफूल घालता ना? हल्ली कोणी घालत नाही.