देवाचा धाक नसेल तर माणूस सरळ वागतो का? तुमच्या कामातले अनुभव लिहा

रंकाळवेस:
परवा बिंदू चौकात चहाच्या गाड्यावर एक जण ठणकावून सांगत होता, "जो देव मानत नाही त्याला धाक कुणाचा? तो वाट्टेल ते करंल." ते ऐकून शाळेत शिकलेलं कोल्हापूर प्रकरण आठवलं. इथले दिवाण माधवराव बर्वे छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ करतात, असं केसरी-मराठाने छापलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांवर सगळी भिस्त होती ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर दोघांनीही माफी मागितली, तरी १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून सुटले. एक ईश्वर मानणारा, दुसरा अजिबात न मानणारा. पत्रं खोटी ठरल्यावर दोघांचं वागणं मात्र एकच.
तर आपापल्या कामात फसवायला जागा कुठं असते, आणि तिथं माणूस कशानं सरळ राहतो, ते लिहा. गोल गोल नको. रीत सांगा, आकडे सांगा, कुठं बिघडतं ते सांगा.

धारोष्ण:
दूध संकलन. केंद्रावर देवाचा फोटो असतोच, रोज उदबत्ती असते. पण चोरी तिथंच, फोटोखाली. पद्धत सांगतो. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटरचा (दुधाची घनता मोजायची नळी) आकडा खाली येतो, हे सगळ्यांना माहीत. साय काढली की तो वर चढतो, हे कमी लोकांना माहीत, कारण स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका. म्हणजे आधी साय काढायची, मग बेतानं पाणी घालायचं, काटा पुन्हा २८-३० वर. लॅक्टोमीटर गप्प. म्हणून फॅट वेगळं काढावंच लागतं. फॅट काढायला लागले तसे तेल आणि धुण्याची पावडर आली, मग त्यांच्या चाचण्या आल्या.
उलट बाजूनं केंद्रवाला मारतो. कॅन ढवळत नाही. दूध थोडं थांबलं की फॅट वर येतं, खालचा नमुना घेतला की शेतकऱ्याचं फॅट कमी लागतं. ताज्या दुधात फेस असला तरी आकडा चुकतो, थोडं थांबून, ढवळून मगच नमुना घ्यायचा. हे करणारा केंद्रवाला देवभोळा आहे की नाही, याचा काडीचाही संबंध नाही. उत्पादक शेजारी उभा राहून "ढवळा की ओ" म्हणतो का, एवढ्यावर सगळं असतं.

गंगावेसकर:
म्हणून तर आमचा दूध कट्टा जगात भारी. म्हैस समोर, धार समोर. फक्त गिलासात फेस किती ते बघायचं 😄

धारोष्ण:
फेस खाली बसल्यावर गिलास पुन्हा भरून मागायचा, लाजायचं नाही.

कोर्टकचेरी:
वकिलीतलं सांगते. पिक्चरमध्ये गीतेवर हात ठेवतात तसं आपल्या कोर्टात काही नसतं. शपथ अधिनियम १९६९ प्रमाणे साक्षीदार एक तर ईश्वराची शपथ घेतो नाहीतर देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो, दोन्हीची किंमत सारखी. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ समजत नसेल, पण खरं बोलायला हवं हे कळत असेल, तर शपथेशिवाय साक्ष घेता येते. शपथ द्यायची राहून गेली म्हणून साक्ष बाद होत नाही (कलम ७), आणि खरं बोलायचं बंधन तरीही राहतंच (कलम ८). म्हणजे कायद्यानं खरेपणा शपथेवर टांगलेलाच नाही. खोटी साक्ष दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२९, सात वर्षांपर्यंत.
जुन्या १८७३ च्या कायद्यात गंमत होती. "समोरचा अमुक पद्धतीनं शपथ घेऊन सांगेल ते मला मान्य" असं म्हटलं, आणि त्यानं तशी शपथ घेऊन सांगितलं, की म्हणणाऱ्यावर ते कायमचं बंधनकारक. बेलभंडारा उचलायचाच सरकारी अवतार म्हणा. १९६९ ला ते गेलं. माझ्या मते बरं झालं. अशानं निर्ढावलेला माणूस जिंकतो आणि पापभीरू हरतो.

गूळभट्टी:
@कोर्टकचेरी शेवटचं वाक्य लाखातलं.
गुऱ्हाळावर बोलतो. नवा सीझन धरताना चुलवाणाची पूजा होते, नारळ फुटतो, आणि त्याच काहिलीत हायड्रॉस (रंग उजळवायचं गंधकयुक्त रसायन) पडतं. का? पिवळ्या गुळाला सौद्यात भाव जास्त. नुसती भेंडी आणि बेताचा चुना वापरून मळी काढली तर गूळ तांबूस-तपकिरी होतो, आणि व्यापारी नाक मुरडतो. हायड्रॉसनं रंग त्या दिवशी उजळतो, पण पावसाळ्यात साठवणीत गूळ काळवंडतो. त्यातून गुळात राहणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७०) आहे, पण सौद्यात रवा फोडून रंग, कणी आणि चव बघतात, पीपीएम कोण बघतंय? गुळव्याला पापाचं भान नाही असं नाही, त्याला दर माहीत आहे. ११६-११८ अंशाला पाक उतरवायचं अचूक कळणारा माणूस अडाणी नसतो.
गिऱ्हाईकानं काळा गूळ चार पैसे जास्त देऊन घेतला की त्याच काहिलीत हायड्रॉस बंद होतं. बदलताना देव तोच, गुळव्या तोच.

सासूबाईंची_सून:
कुकर लावून आले. काळा गूळ पुरणपोळीला चालतो का कुणी सांगा, पुरण काळं दिसतंय म्हणून घरात बोलणी बसतात 🙈

तांबडापांढरा:
चालतोय की. जायफळ घाला, रंगाकडं कोण बघत नाही. विषयावर या ओ ताई 😂

गुजरी_लेन:
सगळे एकाच बाजूनं बोलायलात म्हणून दुसरी बाजू. जकात, म्हणजे नाक्यावरची नव्हे, आम्हा मुसलमानांचं दरवर्षीचं बंधनकारक दान. ७.५ तोळे सोनं किंवा ५२.५ तोळे चांदी, म्हणजे सुमारे ८७ ग्रॅम आणि ६१२ ग्रॅम, एवढी किंवा त्या किमतीची मालमत्ता चांद्रवर्षभर हातात राहिली तर अडीच टक्के. राहतं घर धरत नाहीत, दुकानातला विकायचा माल धरतात, येणं असलेली उधारी धरतात, देणं वजा. हिशोब स्वतःचा स्वतः. ना इन्स्पेक्टर, ना नोटीस. आणि तरी रमजानमध्ये लोक वही काढून बसतात. हे मोजमापाच्या धाकानं होतं म्हणाल? रोज्यात बाथरूममध्ये घोटभर पाणी प्यालं तर कुणाला कळणार? कुणी पीत नाही.
बिघडतं ते पण सांगतो. वर्ष पुरं व्हायच्या आधी दागिना बायकोच्या नावावर करायचा, पुढच्या महिन्यात परत आपल्या. पळवाट जुनी आहे, आणि तिला नावं ठेवणारे धर्मशास्त्रीही तेवढेच जुने.

वजनकाटा:
@गुजरी_लेन पटलं. कुणी बघत नाही तिथं श्रद्धेचं काम होतं हे मान्य. पण ती स्वतःपुरती. दुसऱ्याच्या पैशाचा प्रश्न आला की काटा पाहिजे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी, लोखंडी वजनं आणि तराजू दर २४ महिन्यांनी. शिक्का बघा, सर्टिफिकेट दुकानात लावलेलं असायला हवं. सराफाकडं एक ग्रॅम म्हणजे केवढी रक्कम, म्हणून पंख्याखाली काटा ठेवला असेल तर पंखा बंद करायला सांगा. वाऱ्यानं आकडा हलतो. भाजीवाल्याचा काटा शून्यावर आहे का ते आधी बघायचं, पिशवी ठेवल्यावर नव्हे.

भिशीवाली:
आमच्याकडं भिशी सुरू करताना भंडारा उचलतात. वीस बायका, महिना दोन हजार, उचल चाळीस हजार. दुसऱ्या महिन्यात जिनं उचलली तिच्याकडून अजून १८ हप्ते, छत्तीस हजार यायचे असतात. शेवटी उचलणारीचंच सगळं अडकलेलं. शपथ घेतली जाते पहिल्या दिवशी, जेव्हा कुणालाच बुडवायचं कारण नसतं. मोह होतो तो उचल हातात आल्यावर. नोंदणी नाही, पक्का कागद नाही, मग कोर्टात काय सांगणार. म्हणून रीत अशी: नवीन बाईला पहिल्या निम्म्यात उचल नाही, लवकर उचलणारीला दोन जामीन, आणि जामीन त्याच भिशीतल्या, ज्यांची उचल अजून बाकी आहे अशा. ह्या तीन गोष्टी केल्या की भंडारा नुसता कपाळाला लावायला.

तांबडापांढरा:
आमच्यात जामीन राहणारीच पळाली तर? 😅

भिशीवाली:
तिची स्वतःची उचल बाकी असते ना, पळून तिचाच तोटा. म्हणून तर म्हटलं 🙏

फरशीवाला:
जिन्याच्या कोपऱ्यात थुंकू नये म्हणून देवाच्या फरशा लावतात, त्याबद्दल. गुडघ्याच्या उंचीला, दोन-दोन फुटांवर, आणि सगळ्या धर्मांच्या लावायच्या, एकच लावली तर बाकीच्यांना मोकळीक. थुंकणारा फरशी सोडून फूटभर बाजूला थुंकतो, त्यामुळं अंतर जास्त ठेवून उपयोग नाही. कोपऱ्यात दिवा लावला आणि रोज पाणी मारलं की फरशीशिवायही भागतं. इंग्लंडात २००६ साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या लोकांनी ऑफिसात चहाचे पैसे आपणहून टाकायच्या डब्याजवळ नुसतं माणसाच्या डोळ्यांचं चित्र लावलं, तर फुलांच्या चित्रापेक्षा जवळजवळ तिप्पट पैसे पडले. पुढच्या प्रयोगांत तेवढा फरक सगळ्यांना दिसला नाही, हेही खरं. पण देव असो वा नुसते डोळे, "कोणीतरी बघतंय" एवढंच लागतं असं दिसतं.

सत्यशोधक_कट्टा:
प्लेटोनं हा प्रश्न कधीच विचारलाय: चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं, की देवाला आवडतं म्हणून चांगलं? पहिलं धरलं तर चांगुलपणा देवाच्या आधीचा. दुसरं धरलं तर उद्या देवानं चोरी सांगितली की चोरी चांगली. आणि एक भेद लक्षात घ्या, फुल्यांनी निर्मिक (जग घडवणारा) मानला, मधला दलाल नाकारला. १८७३ पासून सत्यशोधक लग्नं भटजीशिवाय लागली, आणि त्या जोडप्यांचे संसार काही कमी सचोटीचे झाले नाहीत. राजर्षी शाहूंनी इथं वेदोक्ताचं (वेदमंत्रांनी विधी करायच्या हक्काचं) प्रकरण अंगावर घेतलं, तेही धर्म सोडून नव्हे. श्रद्धा वेगळी, धर्माची मक्तेदारी वेगळी.

पंचगंगा_घाट:
२०१९ च्या महापुरात आलेली मदत बघा. पुण्य म्हणून दिलेलं आणि गरज बघून दिलेलं लगेच ओळखू यायचं. पुण्याचं म्हणजे जुन्या कपड्यांचे गठ्ठे, निवडायला माणसं नाहीत, पावसात भिजून वास. गरजेचं म्हणजे खराटे, फिनेल, सॅनिटरी पॅड, बीपी-शुगरच्या गोळ्या. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ लगेच काढावा लागतो, वाळला की फावडंही आत शिरत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. ३९ ला यादी काढून ठेवा म्हणजे गठ्ठे यायच्या आत खरी मागणी जाते.

रंकाळवेस:
@पंचगंगा_घाट ती यादी वेगळा धागा काढून टाका प्लीज, जूनच्या आधी.

सासूबाईंची_सून:
बरं, गुळात खडूची पूड असते म्हणतात ते घरी कसं ओळखायचं?

गूळभट्टी:
काचेच्या ग्लासात कोमट पाण्यात चमचाभर विरघळवा, ढवळून अर्धा तास ठेवा. तळाला पांढरा गाळ बसला तर शंका घ्या. वर ऊसाची बारीक चोयटी तरंगली तर घाबरू नका, ती गाळणीतून सुटलेली असते. हायड्रॉस असं घरी कळत नाही, फार पिवळाधमक असेल तर घेऊच नका. आणि पुरणाला काळाच घ्या, घरातल्यांना माझं नाव सांगा 😄