डॉर्विनियनची वाइन इतकी कडक कशी?

पाचफासे: टेबलावरच्या खेळासाठी डॉर्विनियन हा टोल्किनच्या कथांमधला काल्पनिक प्रदेश उभा करतोय. टोल्किनच्या 'द हॉबिट'मध्ये (1937) ही वाइन पिऊन एल्फराजाचा बुटलर आणि पहारेकऱ्यांचा प्रमुख दोघंही आडवे होतात. भट्टी न लावता वाइन इतकी चढते का? आणि तिकडे द्राक्षं पिकतील का?

घडमणी: पिकतील. चित्रकार पॉलीन बेन्सने काढलेल्या टोल्किनच्या जगाच्या नकाशात डॉर्विनियन रूनच्या समुद्राच्या वायव्य काठावर आहे. टोल्किनने त्या जगातलं उत्तरेचं हॉबिटन गाव ऑक्सफर्डच्या आणि दक्षिणेचं मिनास तिरिथ शहर फ्लॉरेन्सच्या अक्षांशावर धरलं होतं. रून त्यांच्या मधे, म्हणजे फ्रान्समधल्या बरगंडी आणि हंगेरीतल्या टोकाई या वाइनच्या प्रदेशांचा पट्टा. घात होईल तो थंडीने. उणे 20 अंशांच्या आसपास वेलीचं खोड तडकतं. म्हणून खोड बुटकं ठेवा, हिवाळ्याआधी वेल आडवी करून मातीखाली गाडा. चीनच्या निंगशियात असंच करतात. बाग दक्षिण उतारावर धरा, पण पायथा सोडा, गार हवा तिथे साचते. आणि आपली एप्रिलची खरड छाटणी नि ऑक्टोबरची गोडी छाटणी तिकडे दाखवू नका! तिथे वेल झोपते, छाटणी एकदाच, थंडी सरताना.

आंबवण: कडकपणाचं गणित साखरेचं. रसात लिटरमागे 17 ग्रॅम साखर असेल तर 1 टक्का अल्कोहोल. 24 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे वजनी टक्के) द्राक्षं तोडली तर जेमतेम 14 टक्के. त्यापुढे जायचं तर घड गवतावर एकेरी पसरून सुकवा, वजन 30 टक्के घटेपर्यंत. रस 34 ब्रिक्सवर जातो. पार बेदाणा करू नका, पिळायला काही उरत नाही. घडांचा ढीग केलात तर आतून बुरशी धरते, वारा खेळता हवा.

यीस्ट साधारण 16 टक्क्यांना दम सोडतं, लिटरमागे शंभरेक ग्रॅम साखर तशीच राहते. गोड असल्याने घोट सहज उतरतो, कळतं उशिरा. तळघर फार गार असेल तर आंबणं त्याआधीच अडकतं.

माझ्या मते खरी गोम भांड्याची आहे. पुस्तकातच म्हटलंय की ही वाइन राजाच्या मेजवानीची, लहान वाट्यांतून प्यायची. बुटलर मोठे चंबू भरतो. 100 मिलीत 16 मिली अल्कोहोल, अर्ध्या लिटरात 80.

पाचफासे: झकास. वाहतूक नदीनेच ना?

पिंपफळी: हो, पण प्रवाहाविरुद्ध. केल्डुइन नदी लांब तळ्यातून रूनकडे वाहते आणि तळ्याच्या दक्षिण टोकाला उंच धबधबा आहे. तिथे पिंपं उतरवून काठाने चढवावी लागणार. 225 लिटरचं भरलेलं पिंप पावणेतीनशे किलोच्या घरात जातं, म्हणून खेळात 50-60 लिटरची ठेवा. तळ्यापासून पुढे एल्फराजाकडे जाणाऱ्या नदीत सपाट होड्या, किंवा पिंपं एकमेकांना बांधून वल्हवत नेणं. दोन्ही पुस्तकात आहे. रिकामी पिंपं मात्र प्रवाहच परत आणतो. ती कोरडी पडू दिलीत तर फळ्या आकसून गळतात आणि आत व्हिनेगर धरतं. आत गंधकाची वात जाळून बूच ठोका. पुन्हा भरण्याआधी गंधक धुऊन काढा आणि फळ्या फुगेपर्यंत पाणी भरून ठेवा, एक-दोन दिवस.