सोरायसिस 'मुळापासून' घालवणाऱ्यांना उत्तर

कोपरीकर: काल इथे एकांनी लिहिलं, "मेथोट्रेक्सेट कॅन्सरचं औषध, लिव्हर जाईल. सगळं सोडा, काढा घ्या, सोरायसिस मुळापासून जातो." सोरायसिस म्हणजे कातडीवर लाल, खवल्यांचे चट्टे येणारा आजार, आणि मेथोट्रेक्सेट ही त्यावरची एक गोळी. माझ्या धाकट्या भावाने असंच ऐकून गोळ्या सोडल्या आणि कुणाकडून तरी बिननावाच्या पुड्या आणल्या. कातडी साफ झाली, घरात आनंद. पुड्या संपल्या आणि अंगभर लाल, हुडहुडी भरून ताप, ॲडमिट. डॉक्टरांचा संशय स्टेरॉइडवर. पोटात घेतलेलं स्टेरॉइड एकदम सुटलं की सोरायसिस असाच उसळतो. आणि कॅन्सरचा डोस वेगळा हो! सोरायसिसला आठवड्यातून एकदाच, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, जोडीला फॉलिक ॲसिड आणि नेमाने रक्ततपासणी. हा आजार आटोक्यात राहतो, मुळापासून जात नाही.

घणसोलीकर: म्हणजे आयुर्वेद म्हणजे पुड्या? आईला पंचकर्मानंतर हिवाळा सुखाचा जातो. आमचे वैद्य प्रत्येक औषधाचं नाव लिहून देतात. आणि तुमच्या गोळीने मेव्हण्याचं एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलं, त्याचं काय?

कोपरीकर: दारू घेतात का ते? या गोळीवर चालत नाही.

घणसोलीकर: घरच्या माणसांवर यायचं काम नाही.

मानपाड्याची मधुरा: आम्हाला बाळ हवंय, म्हणून मेथोट्रेक्सेट बंदच. नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे कातडीवर अतिनील किरणांचा शेक, सांगितलंय, आठवड्यातून तीनदा. मशीनमध्ये जेमतेम काही मिनिटं, पण ठाण्याच्या घोडबंदर रोडवर ट्रॅफिकमध्येच संध्याकाळ जाते. रजा कुठून आणू?

वाघबीळ: ताई, दिवसा ट्रेलर बंद केल्याशिवाय हा रस्ता सुटणार नाही. काल पातलीपाड्याला ॲम्ब्युलन्स अडकली होती.

कळवा पूर्व: ट्रेलर कशाला? टॉवर कोणी बांधले, तिथे राहायला कोण गेलं?

वाघबीळ: घर परवडेल तिथेच घेणार ना! तुमच्या खारेगावला काय मोकळं रान आहे?

नेरूळ सेक्टर २०: रस्त्याचं भांडण दुसरीकडे न्या. सोरायसिसमुळे माझी बोटं सुजायची, सकाळी मूठ वळत नसे. मी मलमं चोळत बसले आणि सांधे धरले. सांधे दुखत असतील तर संधिवाताच्या डॉक्टरकडे जा. मला टीबीची तपासणी करून सेक्युकिनुमॅबचं इंजेक्शन दिलं. हात चालतो आता, पण खर्चाने कंबरडं मोडलंय. त्यावर बोला कोणीतरी!

घणसोलीकर: बिननावाची पुडी घेऊ नये, एवढं कोपरीकरांचं मान्य. वैद्य मात्र सोडणार नाही.

कोपरीकर: नका सोडू. पण त्यांची चिठ्ठी त्वचेच्या डॉक्टरांनाही दाखवा. भावाने लपवलं, तिथेच घात झाला.

मानपाड्याची मधुरा: माजिवडा ते मानपाडा पट्ट्यात रात्री आठनंतर यूव्हीबी देणारं कोणी माहीत असेल तर सांगा.