मदत हवी आहे: पायोरिया बराच पुढे गेलाय, रोजची काळजी कशी घेता?

मला गंभीर पेरिओडोंटायटिस आहे, म्हणजे आपला जुना पायोरिया. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट १ ते ३ मिमी असते. माझ्या मागच्या दाढांपाशी ती ६-७ मिमी भरली. एक्स-रेमध्ये हाड झिजलेलं स्पष्ट दिसतं. डीप क्लीनिंग (हिरडीखालपर्यंतची सफाई) झालंय. रक्त येणं जवळपास थांबलं, सूज उतरली, पण हिरड्या आक्रसल्यामुळे दात लांब दिसतात आणि गार पाण्याने अक्षरशः कळ जाते.

आता डॉक्टर म्हणतात, खोल फटी उरल्या तर फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून आतून सफाई, करावी लागेल. ज्यांनी ती करून घेतली आहे त्यांनी कृपया सांगा: नंतरचे काही दिवस कसे गेले? हलणारे दात थोडे तरी स्थिर झाले का? गेलेलं हाड आपोआप परत येत नाही हे कळतंय, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नाही. आहेत ते दात टिकावेत, बस्स.

दुसरं म्हणजे दोन दातांमधल्या फटींसाठीचे छोटे ब्रश. एकच माप सगळीकडे चालत नाही, पुढे अडकतं आणि मागे सैल पडतं. तुम्ही दोन-तीन मापं ठेवता का? क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशने दातांवर तपकिरी डाग पडले, म्हणून ते बंद केलंय.

मला मधुमेहही आहे. साखर आटोक्यात आल्यावर हिरड्यांत फरक पडल्याचा कुणाचा अनुभव?

(लवंग तेल, मीठ-हळद सुचवू नका, घरातल्यांनी आधीच सुचवलंय.)