मदत हवी आहे : सोलापुरात अख्ख्या गल्लीनं मिळून उंदीर-घुशींचा बंदोबस्त कसा करावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. खाली यंत्रमाग, वर घर, मागच्या बोळात उघडी गटार. सगळ्या घरांची भिंतीला भिंत. उंदीर आणि घुशींनी नुसता उच्छाद मांडलाय. खळ लावलेल्या सुतावर तर ते तुटून पडतात. टॉवेलच्या गठ्ठ्याचा एक कोपरा कुरतडला की घडी उलगडल्यावर अख्ख्या टॉवेलभर भोकं दिसतात. तो माल कोण घेणार?

पण मालापेक्षा जास्त धास्ती आजाराची आहे. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे दारोदारी पिंपं आणि हौद भरलेले, झाकणं अर्धवट. पावसाळ्यात गटार तुंबली की पोरं तेच पाणी तुडवत शाळेत जातात. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू उंदरांच्या मुतातून पाण्यात, चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. सुरुवातीला ताप आणि पोटऱ्यांचं दुखणं, त्यामुळे माणूस साधा ताप समजून अंगावर काढतो.

पिंजरे लावून झाले. ब्रोमाडिओलोनच्या वड्याही ठेवल्या. त्या खाऊन उंदीर काही दिवसांनी मरतो, म्हणून बाकीच्यांना संशय येत नाही. गुण येतो, पण शेजारून नवे येतात. मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सहा-आठ पिल्लं. एकट्या घरानं औषध ठेवून काय होणार? सगळ्या गल्लीनं एकाच आठवड्यात करायला हवं.

त्यात गल्लीतले एक काका धान्यात ठेवायच्या गोळ्या बिळात टाकायच्या म्हणताहेत. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या, ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो. आमच्या भिंती जुन्या, भेगाळलेल्या. पलीकडच्या खोलीत झोपलेल्या माणसाचा जीव जाईल, आणि त्यावर उतारा नाही. काका वडीलधारे, त्यांना कसं समजवावं?

सुरतेत १९९४ साली प्लेगची साथ आली, त्यानंतर तिथल्या महापालिकेनं कचरा आणि गटारांपासून सुरुवात केली. मलाही तेच पटतं. खरकटं उघड्यावर पडत राहिलं तर औषध कोण खाईल?

जाणकारांना विचारायचंय :

मुंबईत महापालिका रात्री उंदीर मारणारे कामगार ठेवते. आपल्या महापालिकेकडं अशी मागणी करायची तर अर्ज आरोग्य विभागाकडं द्यायचा की झोन कार्यालयात? सगळ्या घरांच्या सह्या जोडल्या तर उपयोग होतो का?

बिळं काचेचा चुरा आणि सिमेंट घालून बुजवली, पण घुशी बाजूनं उकरतात. पायाशी किती खोल जाळी पुरावी लागेल?

मेलेले उंदीर लोक गटारीत फेकतात. खड्डा करून पुरायला बोळात मोकळी जागाच नाही, मग विल्हेवाट कशी लावायची?

साखर पेठ, अशोक चौक भागात कुणी गल्ली मिळून हे केलं असेल तर जरूर लिहा. पावसाच्या आत सुरुवात करायची आहे.