राजाला कुशिंग निघाले आहे: उपचार सुरू करावेत का आणि करताना कशाची धास्ती बाळगावी?

उभादांडा (वेंगुर्ले):

नमस्कार. आमचा राजा हा डॅशहंड जातीचा कुत्रा असून त्याला अकरावे वर्ष चालू आहे आणि त्याचे वजन नऊ किलो आहे. गेल्या पावसाळ्यानंतर त्याचे पाणी पिणे इतके वाढले की भांडे भरून ठेवले तरी तासाभरात रिकामे होऊ लागले, आणि कधीही घरात घाण न करणारा हा कुत्रा पहाटे पडवीत लघवी करू लागला. पोट सुटले, पाय मात्र बारीक झाले, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले आणि थंडीच्या रात्रीही तो धापा टाकत बसू लागला. भूक अशी की मासे साफ करायला बसले की तो विळीपासून हलत नाही. त्यामुळे घरातल्यांचे म्हणणे होते की जो इतका खातो, तो आजारी कसा असेल.

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासली. यकृताशी संबंधित एएलपी हा आकडा फार वाढलेला आणि लघवी अगदी पातळ निघाली. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही कोल्हापूरला जाऊन डेक्सामेथासोनची चाचणी केली, ज्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचून सकाळी, चार तासांनी आणि आठ तासांनी रक्त घेतात. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंच्या ॲड्रीनल ग्रंथी (मूत्रपिंडांजवळच्या लहान ग्रंथी) सारख्याच मोठ्या दिसल्या. निदान कुशिंगचे, म्हणजे या ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे शरीरातले स्टेरॉइड संप्रेरक गरजेपेक्षा जास्त तयार होण्याच्या आजाराचे, झाले असून ट्रायलोस्टेन नावाच्या कॅप्सूल सुरू करण्याचा सल्ला मिळाला आहे.

माझी काळजी अशी की या औषधाने कुत्रा एकाएकी कोसळू शकतो, असे वाचनात आले. आम्ही राहतो वेंगुर्ल्यात. जुलैत आंबोली घाटात दरड आली तर कोल्हापूरची वाट बंद. सूनबाईंना दिवस गेले आहेत आणि कॅप्सूल हाताळण्याबद्दल काही इशारा असल्याचे ऐकले. सासरे म्हणतात, म्हाताऱ्या जिवाला आता छळू नका. शिवाय, राजाला अंगाच्या खाजेसाठी मागे अधूनमधून स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जात असे, त्याचा याच्याशी संबंध असेल का? ज्यांनी हे निभावले आहे त्यांनी कृपया लिहावे.

गुहागरचा समुद्र:

ताई, आमच्या लॅब्राडोर कुत्रीला हाच आजार होता आणि तिने या औषधावर चांगली काही वर्षे काढली, म्हणून लिहितो. पहिली गोष्ट म्हणजे निदान ऐकून जी घाई सुटते ती आवरावी. हा आजार महिनोन्‌महिने हळूहळू वाढत आलेला असतो, त्यामुळे औषध आठवडाभर उशिरा सुरू झाल्याने सहसा काही बिघडत नाही. त्या आठवड्यात मापाच्या भांड्याने पाणी मोजून एका वहीत लिहायला लागा. निरोगी कुत्रा किलोमागे दिवसाला साधारण पन्नास-साठ मिलिलिटर पाणी पितो आणि शंभराच्या वर गेले की ते निश्चित जास्त समजतात. म्हणजे नऊ किलोच्या राजाने 900 मिलिलिटरच्या पुढे पाणी पिणे हे आजाराचे लक्षण आहे. औषध लागू पडते की नाही, हे आम्हाला प्रयोगशाळेच्या कागदाच्या आधी या वहीने सांगितले.

पडवी ओली होते म्हणून रात्री पाण्याचे भांडे उचलून ठेवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. कुत्रा जास्त पाणी पितो म्हणून लघवी होते असे नव्हे, तर मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही म्हणून तो पितो, आणि भांडे काढले तर शरीर कोरडे पडते. आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. घरी पाणी मिळाले नाही तर तहानलेला कुत्रा शेताच्या बांधावरचे, गटारातले, जिथे उंदीर फिरतात ते पाणी पितो आणि कोकणात लेप्टोस्पायरोसिस म्हणजे काय ते मी सांगायला नको. त्याची लस राहिली असेल तर ती देता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

सुधारणा एका क्रमाने दिसली. आधी तहान आणि भूक उतरली, मग धापा कमी झाल्या, पोट आत जायला बराच वेळ लागला आणि केस सर्वांत शेवटी आले. मध्येच ती लंगडू लागली तेव्हा आम्ही घाबरलो होतो. डॉक्टरांनी समजावले की वाढलेले कॉर्टिसॉल आतापर्यंत सांधेदुखी दाबून ठेवत होते, ते उतरल्यावर जुने दुखणे वर आले. राजाची खाजही अशीच परत डोके काढू शकते, तेव्हा त्याला औषधाचा दुष्परिणाम समजून कॅप्सूल परस्पर बंद करू नका.

खाण्यापुरते एवढेच सांगतो की भूक आजाराची आहे हे लक्षात ठेवून मापात द्या आणि सुकी मासळी, तळलेले, मटणाची चरबी पूर्ण बंद ठेवा. या कुत्र्यांच्या रक्तात चरबी आधीच वाढलेली असते.

पशुवैद्य, रत्नागिरी:

प्रश्नातील निष्कर्ष एकमेकांशी जुळणारे आहेत, तरी स्टेरॉइडच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्या दमट किनाऱ्यावर खाजणारी कुत्री भरपूर आणि त्यांना स्टेरॉइड देणेही भरपूर. बाहेरून दिलेल्या स्टेरॉइडने हुबेहूब कुशिंगसारखी लक्षणे येतात. पुन्हा पुन्हा लावलेली मलमेही त्याला पुरतात. परंतु तेव्हा कुत्र्याच्या स्वतःच्या ॲड्रीनल ग्रंथींना काम उरत नाही आणि त्या आकसतात. राजाच्या दोन्ही ग्रंथी मोठ्या दिसल्या आहेत, म्हणजे त्यांना वरून कोणीतरी सतत हुकूम देत आहे. हा हुकूम बहुतेक वेळा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतील लहानशा गाठीकडून येतो आणि नैसर्गिकरीत्या होणाऱ्या कुशिंगपैकी सुमारे 80 ते 85 टक्के कुत्र्यांत हाच प्रकार असतो. उरलेल्यांत एकाच ॲड्रीनलमध्ये गाठ असते, तिथे शस्त्रक्रियेचा विचार होतो. तरीही शेवटचे इंजेक्शन केव्हा आणि कोणते दिले, हे कोल्हापूरच्या डॉक्टरांना तारखेसह सांगा. स्टेरॉइडमुळे झालेल्या प्रकारात ट्रायलोस्टेन अजिबात देत नाहीत, स्टेरॉइड हळूहळू कमी करत नेतात.

आता कोसळण्याची भीती. ट्रायलोस्टेन गाठीला हात लावत नाही. कॉर्टिसॉल तयार होण्याच्या साखळीतील एक विकर (एन्झाइम) ते काही तासांपुरते अडवते आणि म्हणूनच ते आयुष्यभर, रोज, जेवणाबरोबर द्यावे लागते. रिकाम्या पोटी दिले तर ते नीट शोषले जात नाही. धोका आहे तो कॉर्टिसॉल गरजेपेक्षा खाली जाण्याचा. त्याची खूण सोपी आहे: कालपर्यंत अधाशासारखा खाणारा कुत्रा आज जेवणाला तोंड लावत नाही, उलटी किंवा जुलाब होतात, तो थरथरतो, उठायला मागत नाही. असे दिसले की त्या दिवशीची कॅप्सूल द्यायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे. इथे कोकणातली अडचण अशी की गोचीडतापात आणि लेप्टोतही कुत्रा असाच मलूल होऊन खाणे सोडतो. घरी बसून दोन्हींतला फरक ओळखण्याचा प्रयत्न करू नये, कारण दोन्ही वेळा पहिले पाऊल तेच आहे. मी तर मालकांना सांगतो की खाल्ले नाही तर कॅप्सूल नाही, हा नियम दारावर लिहून ठेवा.

कोल्हापूर दूर असले तरी निकडीच्या वेळी लागणाऱ्या गोष्टी जवळ उभ्या करता येतात. रक्तातील सोडियम आणि पोटॅशियम तपासणे कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते. सोडियम उतरलेले आणि पोटॅशियम चढलेले असेल तर संकट आहे असे समजून सलाईन आणि स्टेरॉइड ताबडतोब दिले जाते. हे सावंतवाडीतही होऊ शकते, मात्र तिथल्या डॉक्टरांकडे राजाच्या औषधाची मात्रा आणि जुने अहवाल आधीच असले पाहिजेत. घरी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या थोड्या गोळ्या ठेवून, त्या फोनवर सांगितल्यावरच द्यायच्या आणि किती द्यायच्या, हेही आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सुरुवात औषधासोबतच्या छापील पत्रकात दिलेल्यापेक्षा कमी मात्रेने करण्याकडे आता पुष्कळांचा कल आहे आणि वयस्कर, लांब राहणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मला तो योग्य वाटतो. पहिली फेरतपासणी दहा ते चौदा दिवसांनी, पुढची साधारण महिन्याने, मग तीन महिन्यांनी, आणि सगळे स्थिर झाल्यावर दर तीन महिन्यांनी होते. एसीटीएच (ॲड्रीनल ग्रंथींना कॉर्टिसॉल तयार करायला लावणारे संप्रेरक) देऊन कॉर्टिसॉल मोजायची चाचणी कॅप्सूल दिल्यानंतर चार ते सहा तासांच्या दरम्यान करतात, त्यामुळे त्या दिवशी कुत्र्याला उपाशी नेऊ नका आणि कॅप्सूल चुकवू नका. आकडा मनासारखा आला पण कुत्रा पूर्वीइतकाच पाणी पितो, किंवा कुत्रा छान आहे पण आकडा थोडा वर आहे, अशा वेळी मी कुत्र्याकडे पाहून निर्णय घेतो. मात्र आकडा फार खाली असेल तर कुत्रा छान दिसला तरी औषध थांबवतो.

सूनबाईंबद्दलचा इशारा खरा आहे. गर्भवती स्त्रीने किंवा गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने ही कॅप्सूल हाताळू नये. इतरांनीही ती फोडू किंवा वाटून देऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. राजाला हृदयाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, मूत्रपिंड वा यकृत मुळात बिघडलेले असेल, तर सुरुवात करण्यापूर्वीच सांगा. लघवीचे कल्चरही (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करून घ्या, कारण या कुत्र्यांत मूत्रमार्गाचा संसर्ग जळजळ न दाखवता लपून राहतो.

माडाच्या सावलीत (देवगड):

वेगळे मत मांडतो, राग नसावा. आमच्या पॉमेरेनियनला हे निदान झाले तेव्हा तो फार म्हातारा होता, मूत्रपिंडेही थकलेली होती आणि दोन डॉक्टरांशी बोलून आम्ही औषध सुरू केले नाही. लक्षणे सौम्य असतील तर न देणे हाही वैद्यकीय निर्णय असू शकतो. उपचारांवरच्या कुत्र्यांचे आयुर्मान सरासरीने दोन वर्षांच्या आसपास सांगितले जाते, पण त्यात पुष्कळ कुत्री मुळात वयस्कर असतात आणि दुसऱ्याच कारणाने जातात. तेव्हा राजाचे आयुष्य किती वाढेल, यापेक्षा त्याला आज नेमका कशाचा त्रास होतो, हा प्रश्न सासऱ्यांसमोर ठेवावा. आपण लिहिलेल्या खुणांवरून मला वाटते की तो रात्रभर धापा टाकतो आहे आणि त्याला झोप नाही. त्याच्या जागी मी असतो तर औषध मागितले असते. आमच्या कुत्र्याची गोष्ट निराळी होती.

उभादांडा (वेंगुर्ले):

सर्वांचे मनापासून आभार. देवगडच्या दादांचा मुद्दा सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी काही वेळ राजाकडे पाहिले आणि म्हणाले, मग देऊन बघा, झोप तरी लागू दे त्याला. शेवटच्या इंजेक्शनची तारीख जुन्या फाइलीत सापडली, निदानाच्या बरेच महिने आधीची आहे, ती डॉक्टरांना कळवली आहे. कॅप्सूल देण्याचे काम माझे यजमान करतील.

एक शंका उरते. पावसाळ्यात औषध वेळेवर पोचले नाही आणि दोन-तीन दिवस खंड पडला तर काय होईल? आणि एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायचे का?

पशुवैद्य, रत्नागिरी:

दुप्पट कधीही देऊ नये. चुकलेली कॅप्सूल सोडून पुढच्या वेळी नेहमीचीच मात्रा द्यावी. दोन-तीन दिवसांच्या खंडाने कुत्र्याला धोका होत नाही, फक्त तहान आणि लघवी पुन्हा वाढेल आणि पडवी धुवावी लागेल. या औषधात जास्त पडणे घातक, कमी पडणे गैरसोयीचे, इतके लक्षात ठेवले तर घाट बंद झाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तरी हे औषध प्रत्येक दुकानात नसते, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस पुढच्या दोन महिन्यांचा साठा मागवून, डबा ओल लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवावा. शक्य झाल्यास पहिली फेरतपासणी मृगाच्या आधी उरकून घ्या, म्हणजे मात्रा बसलेली असताना पाऊस सुरू होईल. पाण्याची वही येताना सोबत आणा.