मदत हवी आहे: शेजाऱ्यांनी दिलेली जुनी रिमॅन्युफॅक्चर्ड काडतुसं वापरावीत का?

नमस्कार मंडळी. ह्यूस्टनजवळ राहतो. ग्रीन कार्ड आल्यावर पिस्तुलाचा नाद लागला, महिन्यातून एकदा रेंजवर जातो. (एच-१बीवाल्यांनी मोहात पडू नये. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर पिस्तूलच काय, नुसती काडतुसं जवळ बाळगणंही इथे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.)

आमचे म्हातारे शेजारी घर विकून मुलीकडे निघाले. जाताना एक हिरवा लष्करी पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. आत ९ एमएमची चारशे काडतुसं. २०१३ च्या टंचाईत, दुकानं रिकामी असताना, मिळेल ते घेऊन ठेवलेली. सगळी रिमॅन्युफॅक्चर्ड: एकदा उडवलेलं पितळी कवच साफ करून, पुन्हा मापात आणून त्यात नवा प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टिकली), नवी दारू, नवी गोळी. अडीचशे कंपनीच्या सीलबंद खोक्यांत आहेत, दीडशे पिशवीत सुटी. डबा घरातल्या कपाटात होता, गॅरेजमध्ये नाही.

सुट्यांपैकी साठ-सत्तर तपासली. बुडावरचे शिक्के तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांचे. लांबी बहुतेकांची २९.१ ते २९.३ मिमी, पण सहा २८.२ च्या आसपास. वजन ११.७ ते १२.३ ग्रॅम. काहींवर हिरवट डाग आहेत.

प्रश्न दोन. वजनावरून दारू कमी-जास्त भरलेली काडतुसं वेगळी काढता येतील का? आणि हिरवे डाग समईच्या पॉलिशने पुसले तर चालेल का? बायकोचं उत्तर 'फेकून दे' असं आहे, पण जीव होत नाही.

प्रतिसाद १
वहिनींचं ऐका. जुनी दारू चांगली, पण ती प्यायची.

प्रतिसाद २
ओहायोत बरीच वर्षं स्वतः रीलोडिंग करतो (उडवलेली कवचं घरी पुन्हा भरतो), म्हणून थोडं लांबण लावतो.

वरच्या भाऊंचा विनोद झकास, पण इथे वयाचा प्रश्नच नाही. थंड, कोरड्या जागी ठेवलेली काडतुसं कित्येक दशकं टिकतात. दहा-बारा वर्षं म्हणजे काहीच नाही. प्रश्न आहे तो ती कोणी भरली आणि भरताना त्याचं लक्ष कुठे होतं, हा.

आता वजन. ९ एमएममध्ये दारू साधारण ४ ते ६ ग्रेन असते, म्हणजे ०.२६ ते ०.३९ ग्रॅम. तुमच्या काडतुसांच्या वजनातच ०.६ ग्रॅमची तफावत आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कवचांच्या वजनात काही ग्रेनचा फरक सहज पडतो, गोळ्याही थोड्या कमी-जास्त भरतात. त्या गोंधळात दारूचा फरक बुडून जातो. दारूच नसलेलं काडतूस १२ ग्रॅम भरेल आणि दुप्पट भरलेलंही १२ च. वर पिस्तुलाची काही जलद दारू कवचाची निम्मी जागासुद्धा भरत नाही, त्यामुळे दोनदा पडली तरी आत मावते, गोळी नीट बसते आणि बाहेरून काही कळत नाही.

९ एमएमच्या दाबाची अमेरिकी मानक मर्यादा चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. गाडीच्या टायरमध्ये ३५ च्या आसपास असते. हे हातात धरून, तोंडासमोर.

ती सहा आखूड आजच बाजूला काढा. गोळी आत सरकली की गोळीमागची जागा कमी होते आणि दाब भसकन वाढतो. बाकीच्यांची गोळी टेबलाच्या कडेला टेकवून अंगठ्याने दाबून बघा, हलली तर तेही बाद. काडतूस सपाट फरशीवर उभं करा. डुगडुगलं तर प्रायमर वर आलाय.

प्रतिसाद ३
पुण्याहून. बंदुकांतलं कळत नाही, पण धातुशास्त्र शिकवायचो. पॉलिश अजिबात नको! पितळेच्या बऱ्याच पॉलिशमध्ये अमोनिया असतो. ताण असलेल्या पितळेला अमोनियाने तडे जातात, हे इंग्रजांच्या फौजेला आपल्याच पावसाळ्यात कळलं. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात ठेवत, आणि नंतर बघतात तो गोळीभोवती आवळलेल्या जागी कवचं तडकलेली. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे कारण उलगडायला १९२१ साल उजाडलं. कोरड्या फडक्याने पुसा. डाग गेला तर ठीक, खड्डा राहिला तर ते काडतूस गेलं.

धागाकर्ता
आभार, सर. प्रतिसाद २, अंगठ्याने दाबल्यावर आणखी चार हलली. शेजाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, पिशवीतली बहुधा दुसऱ्या कुणाकडून आली असावीत, नक्की आठवत नाही.

प्रतिसाद २
मग विषय संपला. कुणाच्या गॅरेजमधला माल आहे ते माहीत नसेल तर मी माझ्याच भावाचाही उडवत नाही. पिशवीतली दीडशेही बाद.

सीलबंद खोक्यांवर लॉट नंबर असेल, कंपनीने तो परत मागवला होता का ते बघा. नसेल तर मी वापरीन, पण स्वस्तातल्या पिस्तुलातून आणि सावकाश. तुमच्या पिस्तुलाचं माहितीपुस्तक वाचा, रीलोड वापरल्यास वॉरंटी नाही असं बहुतेक छापलेलं असतं. रेंजलाही आधी विचारा, काही ठिकाणी चालत नाही.

आणि 'ठो' ऐवजी 'फट्' असा मेलेला आवाज आला, झटका कमी बसला, तर तिथेच थांबा. पिस्तूल अडकलं असं वाटून सवयीने स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढून पुढचा बार काढायचा नाही. दारू नसली तर नुसता प्रायमर गोळीला नळीत ढकलून अडकवू शकतो, आणि मागून येणारी दुसरी गोळी नळी फुगवते किंवा फोडते. रिकामं करा, उघडा, नळीतून उजेड दिसतोय का बघा.

धागाकर्ता
हिशेब केला. नवी काडतुसं साधारण २५-३० सेंटला एक पडतात. म्हणजे पिशवीचा सगळा मोह फार तर पंचेचाळीस डॉलरचा. पोलिसांच्या तातडी नसलेल्या नंबरवर फोन केला, पिशवी शनिवारी घेऊन या म्हणाले. कचऱ्यात टाकू नका असं दोनदा बजावलं. खोक्यांवर लॉट नंबर आहे, कंपनीला ईमेल टाकलीय. उत्तर येईपर्यंत खोकी कपाटात कुलूपबंद.

डबा ठेवून घेतलाय. झाकणाचं रबर अजून घट्ट बसतं.